विहिणीचा बावटा

सोमवार, १७ मार्च
अंधेरी, मुलांचा वॉर्ड

सगुणाबाई,

'सप्रेम नमस्कार' लिहायचा रिवाज आहे, पण प्रेम नसताना ते लिहून मी कागद खोटा करणार नाही. फोन केला तर तुम्ही उचलत नाही. माझा नंबर तुम्ही कुठल्या नावाने ठेवला आहे तेही शीतलने मला सांगितलंय, इथे लिहिण्यासारखं ते नाव नाही. म्हणून पत्र. मुलुंडच्या शाळेत मी जन्मभर पोरांना पत्रलेखन शिकवलं, तेव्हा मला लिहायचा आळस नाही आणि तुम्हाला वाचता येतं हे मला ठाऊक आहे. निमेश कपडे घ्यायला मनोरीला येतोय, त्याच्या हाती देते. जावई म्हणून तो मला आवडतो. तो तुमचा मुलगा आहे, एवढाच त्याचा दोष.

सम्यकचा डावा डोळा पूर्ण मिटला आहे. पापणी सुजून जांभळी झाली आहे, अंगात ताप आहे. आज सकाळी इथल्या डॉक्टर माधुरीबाईंनी दोन बोटांनी पापणी उचलून पाहिलं, तर बुबुळ जागेवर नाही, कुणी आतून ढकलल्यासारखं बाहेरच्या बाजूला आणि खाली सरकलेलं. डोळा फिरव म्हटल्यावर पोर असं किंचाळलं की शेजारच्या खाटेवरचं मूल रडायला लागलं. डॉक्टरांनी मला आणि शीतलला बाजूला घेऊन सांगितलं, डोळ्यामागे काहीतरी साचतंय. त्याने नस दबली तर नजर जाऊ शकते. हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय, कारण ते मी एकटीने का सहन करावं?

मी सांगितलं नव्हतं का? आमच्या घरात होळी नाही, रंग नाही, आमच्या नातवाला शिमग्याला नेऊ नका, असा निरोप मी शीतलकडून पाठवला होता. त्यावर तुम्ही म्हणालात म्हणे, "पोरगा माजापन हाय. दर्याकाठचा पोरगा शिमग्याला घरान बसल काय?" बसला असता तर बरं झालं असतं. शुक्रवारी तो रंगला. शनिवारी सकाळी पापणी फुगली. तुम्ही गुलाबपाण्याने धुतलीत, मग कुठल्या तरी डॉक्टरने 'रंग गेलाय, उतरेल' म्हणून थेंब दिले. आणि तुम्ही त्याला रविवार संध्याकाळपर्यंत मनोरीलाच ठेवून घेतलंत. का, ते मला समजतं. सुजलेला डोळा घेऊन तो माझ्या नजरेस पडू नये म्हणून. तुमच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं. पण मी तुमच्या जागी नाही.

मागचं मी उकरणार नाही. फक्त एवढंच म्हणते की लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा नाहूरला आलात, पापलेट-सुरमईची टोपली घेऊन, तेव्हा बुद्धपौर्णिमा होती. आमच्या घरात त्या दिवशी मांसमच्छी होत नाही. मी टोपली दारातून परत केली, तुम्हाला परत केलं नव्हतं. तुम्ही टोपलीबरोबर स्वतःहून परत गेलात, ते आजपर्यंत आला नाहीत. आणि राग येणार नसेल तर विचारते, तुमची भरती-ओहोटी सगळी चंद्रावर चालते ना? मग कोळिणीला पौर्णिमा विसरायला होतेच कशी?

असो. डॉक्टरांना हे हवंय: रंग कसला होता, पाकिटातला की घरचा? डोळ्यात गुलाबपाणी आणि थेंब सोडून आणखी काय घातलंत? काही लागलं होतं का, गळ, काठी, काही? आधी सर्दी होती का, तेही विचारत होत्या. थोडी होती म्हणून मी सांगितलं. मुलांना असतेच.

खरं ते सांगा. भांडण नंतर करू.

शकु

मंगळवार, १८ मार्च
अंधेरी

विहीणबाई,

निमेशने तुमचा निरोप आणला. घरी केलेला हळदीचा रंग, गुलाबपाणी, थेंब, आणखी काही नाही. गळ लागला नाही, काठी लागली नाही. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

निरोपाचा दुसरा भागही त्याने सांगितला. आधी सांगत नव्हता, मी बाहेर काढला. तुम्ही म्हणालात, "माज्या रंगानं पोराचा डोला गेला त मी तोंड दाखवनार नाय." आणि काल दुपारी हिरव्या लुगड्यातली एक बाई रुग्णालयाच्या फाटकापाशी बराच वेळ उभी होती, पास विचारला तर काही न बोलता निघून गेली, असं इथला रखवालदार सांगत होता. अंधेरीत हिरव्या लुगड्यातल्या बाया काही कमी नाहीत. तरीपण.

डोक्याचा फोटो काढला, मोठ्या यंत्रात झोपवून. सम्यक यंत्रात शहाण्यासारखा पडून राहिला, कारण त्याला सांगितलं होतं की ही पाणबुडी आहे. फोटोत सगळं दिसलं. डॉक्टर माधुरीबाईंनी चित्र काढून मला समजावलं, बाई तरुण आहे पण शिकवायची हातोटी आहे तिला. कशामुळे झालं तेही कळलं. ते मी सविस्तर लिहीन. आज नाही, आज डोकं ठिकाणावर नाही.

सलाईनमधून औषधं चालू आहेत. दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन नजर तपासतं. पापणी त्यांना उचलून धरावी लागते, तो स्वतः उघडत नाही. सकाळपर्यंत ठीक होतं. दुपारी डॉक्टरांनी खिशातल्या पेनाचं लाल टोपण काढलं आणि आधी उजव्या डोळ्यापुढे धरलं.

"कुठला रंग रे?"

"लाल."

मग उजवा डोळा झाकून तेच टोपण डाव्यापुढे धरलं.

"आता?"

सम्यक थोडा वेळ बघत राहिला. म्हणाला, "हे दुसरं टोपण आहे. हे उन्हात राहिलंय."

मला वाटलं, पोर थट्टा करतंय. मी हसले पण. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी टोपण खिशाला लावलं, शीतलच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, आता औषधावर थांबायचं नाही. नस दबायला लागली की सगळ्यात आधी लाल रंग फिका पडतो म्हणे. एवढी वर्षं मी पोरांना तांबडा-पिवळा-निळा शिकवला, तांबडा फिका पडणं एवढं भयंकर असतं हे मला ठाऊक नव्हतं.

आज संध्याकाळीच ऑपरेशन आहे. नाकातून नळी घालून आतला पू काढणार, चेहऱ्यावर एकही काप नाही. शीतलने सही केली. निमेशने कागद दाबून धरला होता. मी दोघांकडे बघत होते आणि मला तुमचा राग आठवेना. आठवायचा खूप प्रयत्न केला.

तुमचे देव जे कोण असतील त्यांना सांगून ठेवा. मी देव मानत नाही, माझ्या वतीने सांगायची गरज नाही. तुमच्या वतीने सांगा.

शकु

बुधवार, १९ मार्च
अंधेरी

सगुणाताई,

ऑपरेशन झालं. पू निघाला. आज ताप नाही. सकाळी तो दूध प्यायला, मग बिस्किट मागितलं, तेही अमुकच हवं, तमुक नको. म्हणजे पोर शुद्धीवर आहे.

आता कालचं राहिलेलं लिहिते. हे वाचताना खाली बसा.

तुमच्या रंगाने काही झालेलं नाही. शिमग्याने काही केलेलं नाही. नाकाच्या बाजूला, दोन डोळ्यांच्या मधे, हाडात छोट्या पोकळ्या असतात. सर्दी मुरली की त्यांत पू होतो. त्या पोकळ्या आणि डोळा यांच्यामधे भिंत असते ती अंड्याच्या टरफलाएवढी पातळ, आणि लहान मुलांत तर फारच. तिथून तो पू डोळ्याकडे उतरला. म्हणजे डोळ्याचं दुखणं डोळ्यातून आलंच नव्हतं, ते नाकातून आलं.

आणि सर्दी नाहूरची होती. माझ्या घरची. शाळेतून सर्दी आणली का, नळावर भिजला का, ते सगळं सोडा, त्याचं नाक माझ्याकडे असताना चोंदलं होतं. मी वाफ दिली, ओव्याची पुरचुंडी हुंगवली, रात्री तोंड उघडं टाकून झोपायचा तर कूस बदलून दिली, आणि जरा बरा दिसला म्हणून तुमच्याकडे धाडला. डॉक्टर म्हणतात, यात कुणाचा गुन्हा नाही, सर्दी घरोघरी असते, ती डोळ्यात उतरते एखाद्याच्याच. फक्त सर्दी लांबली, ताप आला आणि पापणी सुजली, की थेंब घालत बसायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. पण दिवस रंगाचे होते. सुजलेला डोळा बघितला आणि सगळ्यांनी रंगालाच धरलं. तुम्ही धरलं, त्या थेंबवाल्या डॉक्टरने धरलं, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात मी धरलं. सोमवारचं पत्र तुम्ही फाडलं असेल अशी आशा आहे. फाडलं नसेल तर फाडा.

निमेश म्हणतो, तुम्ही सोमवारपासून बाजारात गेला नाहीत. टोपली पालथी घालून बसला आहात. पुरे झालं. गावात कुणी काही बोलत असेल तर हे पत्र त्याला वाचून दाखवा. शिक्षिकेचं अक्षर आहे, कुणालाही लागेल.

आता अडचण ऐका. सम्यक डोळा उघडत नाही. सूज उतरतेय, पापणी हलवता येते, पण घाबरलाय. उघडला की दुखणार, हे त्याच्या मनात बसलंय. डॉक्टर पापणी उचलून बाहुली तपासतात, उजेडाला ती आकसते, ते चांगलं लक्षण. पण त्याला नेमकं काय दिसतं ते त्यानेच सांगायला हवं, आणि तो डोळा घट्ट मिटून 'मला नाही बघायचं' एवढंच म्हणतो. डॉक्टर म्हणाल्या, याला जे बघायला आवडतं ते आणा. आम्ही मोबाईलवर त्याचं कार्टून लावलं. पठ्ठ्याने उजव्या डोळ्यावर हात असताना डावा मिटूनच पुढचं सगळं सांगितलं, आता मांजर पडणार, आता बादली उलटणार. त्याला सगळं पाठ आहे. चित्रांचं पुस्तक, तेही पाठ. म्हणजे पाठ नसलेलं आणि तरी त्याला बघावंसं वाटेल असं काहीतरी हवंय.

शीतलला सुचलं. मनोरीला असला की संध्याकाळी तो तुमच्याबरोबर धक्क्यावर उभा असतो ना, खाडीतून होड्या आत शिरतात तेव्हा आजोबांची होडी कुठली ते बावट्यावरून ओळखायला? सगळ्यांच्या आधी ओळखतो, असं म्हणे तुम्ही बाजारभर सांगता. लाल आणि पिवळा, तुमच्या जुन्या लुगड्याचा. भिकाजीरावांना सांगून तो बावटा होडीवरून उतरवा आणि निमेशबरोबर पाठवा.

तुम्ही स्वतः आलात तर माझा पास तुम्हाला देईन आणि मी फाटकापाशी उभी राहीन. पण तुमचा स्वभाव मला माहीत आहे, माझ्यासारखाच आहे. निदान बावटा पाठवा.

शकु

शुक्रवार, २१ मार्च
अंधेरी

सगुणाताई,

हे पत्र सावकाश वाचा. मी सावकाश लिहिणार आहे, कारण मला हे सगळं पुन्हा एकदा जगायचं आहे.

काल सकाळी निमेश बावटा घेऊन आला. फाटकावर रखवालदाराने विचारलं काय आहे, निमेश म्हणाला लाल बावटा. रखवालदार म्हणाला, इथे संपबिंप चालणार नाही. ते निस्तरून वर आला तर वॉर्डातल्या सिस्टरने नाक धरलं. खरं सांगू का, विहीणबाई, तुमच्या बावट्याला समुद्र, डिझेल आणि सुके बोंबील यांचा जो वास होता, तो तुम्ही धुऊन इस्त्री करून पाठवल्यावरही गेलेला नव्हता. इस्त्री केलेला बावटा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. सिस्टर म्हणाली, हे आत जाणार नाही. डॉक्टर माधुरीबाईंनी तो पारदर्शक पिशवीत घातला आणि म्हणाल्या, आता जाईल.

सम्यक भिंतीकडे तोंड करून झोपला होता. पिशवीचं तोंड नीट बंद नसावं. डोळा मिटलेलाच, आणि म्हणतो, "मनोरीची आजी आली?"

मी म्हटलं, "कशावरून रे?"

"वास आला."

डॉक्टर एकदम माझ्याकडे बघायला लागल्या. आठवडाभर ज्या नाकातून वारा जात नव्हता, त्या नाकाला पिशवीतून मनोरी कळली. त्या म्हणाल्या, नाक तर पास झालं. मला रडू येत होतं, पण पास-नापास करायचं काम माझं असताना मी कधी रडले नव्हते, म्हणून थांबले.

मग त्यांनी मला त्याचा उजवा डोळा झाकायला सांगितला. मी तळहात ठेवला. बोटं घट्ट, फट नाही, परीक्षेत कॉपी करू देत नसे तशी. डॉक्टरांनी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून पिशवी वर धरली.

"सम्यक, आजोबांची होडी आलीय. ओळख बरं, हीच का ती?"

  शीतलने निमेशचा दंड इतका आवळला होता की त्यावर वळ उठले. मग पापणी जराशी हलली. मधे एक बारीक फट झाली, ती मिटली. पुन्हा झाली. डोळ्यातून पाणी आलं. मला वाटलं दुखतंय, सोडून द्यावं. पण तो बघत होता, सगुणाताई. मला माझ्या हाताखाली कळत होतं, दोन्ही डोळे एकदम हलत होते.

म्हणाला, "लाल विटलाय."

 शीतल मटकन खाटेवर बसली. डॉक्टरांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "तो विटलेलाच आहे. आजोबा म्हणतात खाऱ्या वाऱ्याने विटतो." मग मान पुढे केली. "पण कोपरा फाटला होता ना? हे निळं कापड कुणी लावलं?"

निळं कापड. तुमच्या लाल-पिवळ्या बावट्याच्या कोपऱ्यात, रुपयाएवढं, बारीक टाक्याने लावलेलं. मला ते दिसलंच नव्हतं. शीतलला नाही, निमेशला नाही, डॉक्टरांना नाही. खाटेच्या पायथ्याशी धरलेल्या पिशवीतलं ठिगळ, ज्या डोळ्याची दोन दिवसांपूर्वी आम्ही आशा सोडून बसलो होतो त्या डोळ्याने आधी पाहिलं.

डॉक्टरांनी लगेच पेनाचं लाल टोपण काढून पुढे धरलं. "आणि हे?"

"हे बावट्यापेक्षा लाल आहे."

"उन्हात राहिलंय?"

"नाही. नवीन आहे." आणि वर आम्हालाच विचारतो, "तुम्ही परवा जुनं का आणलं होतं?"

डॉक्टर माधुरीबाई मागे वळल्या आणि सिस्टरला म्हणाल्या, लिहा, डावा डोळा, रंग ओळखतो. ज्या सिस्टरने नाक धरलं होतं ती लिहिता लिहिता बावट्याकडे बघून हसत होती. निमेश जिन्यात जाऊन रडला. मी रडले नाही असं तुम्हाला सांगणार होते, पण तुमचा मुलगा चुगलखोर आहे, तो सांगेलच.

बावटा आता खाटेच्या दांडीला बांधला आहे, पिशवीसकट. वॉर्डातली पोरं येऊन बघून जातात. सम्यक त्यांना सांगतो की आमची होडी सगळ्यांत पहिली येते. भिकाजीरावांना विचारा, हे खरं आहे का.

ठिगळ निळंच का लावलंत, ते मी विचारणार नाही. घरात दुसरी चिंधी नसेल.

तुमची
शकु

मंगळवार, १५ एप्रिल
नाहूर

सगुणाताई, जय भीम.

आता तुम्ही फोन उचलता हे मला मान्य आहे. नंबर दुसऱ्या नावाने ठेवला आहे हेही शीतलने सांगितलं. पण फोनवर तुमचा आवाज बाजाराचा, आणि माझा वर्गाचा, दोघी एकदम बोलतो आणि दोघींना काही ऐकू येत नाही. म्हणून हे एक पत्र लिहिते. शिवाय रविवारची एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, आणि ती तुम्हाला लेखी दिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी तपासणीचं. शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला तक्त्यापुढे बसवलं. उजवा झाकून डाव्याने वाच म्हणाले. त्याने वरपासून वाचत शेवटच्या बारीक ओळीपर्यंत नेलं आणि खाली छापखान्याचं नाव होतं ते वाचायला निघाला, तेव्हा त्यांनी थांबवलं. डोळा सगळीकडे फिरतो, दुखत नाही, जागेवर आहे. चष्मा नाही, थेंब नाही. सर्दी झाली तर दुर्लक्ष करायचं नाही, एवढंच. डॉक्टर माधुरीबाई भेटल्या, त्यांनी बावट्याची चौकशी केली.

आता रविवार. मार्व्याहून मनोरीच्या बोटीत बसताना माझं काय झालं होतं ते मी तुम्हाला सांगितलं नाही. मी विदर्भातली. पाणी बघायचं ते विहिरीतलं, तेही वरून. फळीवर पाऊल टाकताना मी निमेशचा शर्ट धरला होता. सम्यक मात्र पुढे टोकाला जाऊन बसला, मांडीवर घडी केलेला बावटा. बोट अर्ध्या खाडीत आली आणि त्याने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. हा आता त्याचा खेळ आहे, कुठेही करतो.

"नाहूरची आजी, मी तुला दाखवतो," म्हणाला. "तो धक्का. ती रिक्षा. तो कुत्रा, त्याला एक कान काळा आहे. आणि ती मनोरीची आजी."

मी चष्मा पुसला, पुन्हा लावला. मला धक्क्यावर रंगांचे ठिपके दिसत होते, त्यांतला एक हिरवा. बस्स.

"कशावरून आजी?"

"हिरवं लुगडं. कमरेवर हात." मग तो पुढे वाकला. म्हणाला, "आजी रडतेय."

मी म्हटलं, "उगाच काहीतरी. मनोरीची आजी कधी रडत नाही."

"रडतेय. आता पदराने पुसलं. आता हसतेय. आता परत पुसलं."

बोट धक्क्याला लागली तेव्हा तुमचे डोळे लाल होते. मी काही बोलण्याआधीच तुम्ही म्हणालात, "डोल्यान वारा गेला." मी चांगलं आठवून सांगते, सगुणाताई, त्या दिवशी वारा नव्हता. भिकाजीरावांनी बावटा होडीवर चढवला तो अर्धा तास दोरीला चिकटून लोंबत होता. निळं ठिगळ कुणाला दिसलं नाही ते त्यामुळेच. फक्त एकाला दिसलं, त्याने गावभर बोट दाखवून सांगितलं.

मग तुम्ही टोपली पुढे केलीत. पापलेट, सुरमई, तीच टोपली असावी. आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने विचारलंत, "आज पौर्निमा नाय ना?" मी म्हटलं, काल झाली. तुम्ही म्हणालात, "मना ठाव हाय. परत चूक करीन काय?" भिकाजीराव तोंड फिरवून हसले. मग तुमच्या ओट्यावर बसून मी दोन तुकड्या खाल्ल्या, काटे काढायला तुम्ही शिकवलंत, आणि काल जयंतीला वस्तीतल्या बायकांना मी सांगितलं की माझी विहीण समुद्राकाठची आहे आणि तिच्या हाताला चव आहे. फुशारकी मारली, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट मात्र सोडणार नाही. तुमची लेक निशा म्हणाली, तुम्ही अजून सगळ्यांना सांगताय की त्या दिवशी डोळ्यात वारा गेला होता. सांगा, खुशाल सांगा. मी काही पाहिलं नाही, माझी नजर तेवढी नाही. पण माझ्याकडे साक्षीदार आहे, आणि अर्ध्या खाडीतून त्याने तुम्हाला रडताना पाहिलं ते डाव्या डोळ्याने.

तुमचीच,
शकु